इष्टतम मार्ग, व्हाया होटगी

१७ नोव्हेंबर १९७५, सोमवार

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर अखेर माझ्या लायकीचं काहीतरी लागलं. पुण्याच्या एका संस्थेत ऑप्टिमायझेशन या विषयात पीएच.डी.साठी फेलोशिप. जागा एकच. मुलाखत १९ जानेवारीला, येताना पाच पानी सिनॉप्सिस आणायचा. वयाची अट पस्तीस. मला फेब्रुवारीत पस्तीस पूर्ण होतात. माझी जन्मतारीख पाहूनच जाहिरात काढलेली दिसते.

ऑप्टिमायझेशन म्हणजे हाताशी असलेल्या साधनांत सगळ्यांत उत्तम मार्ग शोधणे. सोलापुरात हा विषय कळणारा मी एकटा. बाकीचा गणित विभाग चहा पितो.

चंद्रव्वाला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, ह्या खेपेला तरी बसून लिवणार न्हवं? बायकांना विज्ञान कळत नाही.

१८ नोव्हेंबर

संकल्प: रोज एक पान. मग लक्षात आलं, पाच पानांना पाच दिवस. दोन महिने हाताशी असताना पहिल्याच आठवड्यात काम उरकणं ही साधनांची उधळपट्टी. शेवटचे पाच दिवस उत्तम. तोवर चिंतन.

२४ नोव्हेंबर

रामहरीनेही अर्ज टाकलाय म्हणे! हा आमचा ज्युनिअर लेक्चरर, मोहोळकडचा. शेतावरून थेट फळ्यापाशी आलेला. माझं लिनिअर प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मागायला आला. मोठ्या मनाने दिलं. पाहतो तर स्टाफरूममध्ये बसून पहिल्या पानापासून वाचतोय. क्रमाने! उदाहरणंसुद्धा सोडवतो. मी पुस्तक शेवटून उघडतो. उत्तरं तिथेच असतात.

२ डिसेंबर

सिनॉप्सिसला उदाहरण हवं. कमीत कमी खर्चात कुटुंबाला पुरेसं पोषण कसं द्यावं, हा आमच्या विषयातला गाजलेला प्रश्न. घरची आकडेवारी घेऊन सोडवला. उत्तर आलं: हुलगे. सकाळी हुलगे, संध्याकाळी हुलगे. चवीचं समीकरण मांडायचं राहिलं, पण चव मोजता येत नाही, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ती नाही.

५ डिसेंबर

हुलग्यांचा तिसरा दिवस. धाकट्याने ताट ढकललं. थोरलीच्या पोटात गुबारा. मी स्वतः दुपारी बाहेर मिसळ खाल्ली, पण ती प्रयोगाच्या कक्षेबाहेर.

६ डिसेंबर

चंद्रव्वा मुलांना घेऊन माहेरी गेली, मैंदर्गीला. यष्टीत चढताना म्हणाली, आता बसा निवांत आन् लिवा. घरात मी, माझा विषय आणि शांतता. केवढा हा त्याग! डोळे भरून आले.

संध्याकाळी सिनॉप्सिसचं शीर्षक लिहिलं. खाली दोनदा रेघ मारली. सुरुवात झाली म्हणजे निम्मं काम झालं.

१५ डिसेंबर

सकाळी स्टेशनवर पेपर आणायला गेलो होतो. मद्रासकडची गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर. आणीबाणीत बाकी काही असो, देशाला शिस्त लागली. प्राचार्यसुद्धा हल्ली वेळेवर येतात, त्याने आमची थोडी अडचण होते, पण तत्त्व म्हणून मी याच्या बाजूचा आहे. इंजिन ड्रायव्हरला जे जमतं ते आपल्या लोकांना का जमू नये?

२८ डिसेंबर

एकांतात संशोधन होतं ही अफवा आहे. स्टोव्हला पिन मारा, रॉकेलच्या रांगेत उभे राहा, भांडी घासा. सगळी बुद्धी पातेल्याच्या बुडाला लागते. शांतपणे गणित मांडलं. जिथे ताट वाढून समोर येतं तीच संशोधनाची उत्तम जागा. अर्धपगारी रजा टाकली.

३० डिसेंबर, मैंदर्गी

मला दारात पाहून चंद्रव्वाच्या हातातली कळशी हिंदकळली. म्हणाली, तुमी तितं लिवावं म्हणून मी हितं आले, आन् तुमीच हितं? मी तिला गणित समजावलं. ती आत गेली. समजलं असावं.

सासरे गुरुबसप्पा शेंगांचे व्यापारी. जावई पुण्याला जाणार हे त्यांनी सबंध पेठेत सांगून ठेवलंय. माझ्यासाठी पोती हलवून एक खोली रिकामी केली, टेबल मांडलं. टेबल किंचित डुगडुगतं. डुगडुगत्या टेबलावर अचूक विज्ञान लिहिता येत नाही.

१४ जानेवारी १९७६

संक्रांत. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल. मी इथे शेंगापोळ्यांच्या गर्दीत. सासूबाई पार्वतम्मा तूप वाढताना हात आखडत नाहीत. ते शेवटचे पाच दिवस आजपासूनच सुरू व्हायचे होते. पण सणाच्या दिवशी कामाला बसणं बरं दिसत नाही. उरले चार, म्हणजे दिवसाला सव्वा पान. अगदी आरामात.

१७ जानेवारी

मोठा शोध लागला! सिनॉप्सिस गाडीत लिहायचा. सबंध रात्र रिकामी, ना मुलं, ना पोळ्या. आजवर उगाच धडपडलो.

प्रवासाचाही उत्तम मार्ग काढला. सामान्य माणूस मैंदर्गीहून यष्टीने सोलापूर गाठेल आणि तिथे संध्याकाळची मेल पकडेल. माझा मेहुणा शरणप्पा उद्या शेंगांचा ट्रक घेऊन होटगीला जातोय. टाइमटेबलानुसार मेल होटगीला थांबत नाही. पण टाइमटेबल काय, कुणीही छापतं! सोलापुरात फलाट मोकळा नसतो, म्हणून ती रोज होटगीच्या सिग्नलपाशी उभी राहते. इकडची निम्मी माणसं रुळाच्या कडेने जाऊन तिथेच चढतात. सासरे तर तरुणपणापासून तसेच जात आले. दोन तास वाचतात.

चंद्रव्वा म्हणाली, दुपारच्या यष्टीनं जावा, रामहरी भावजी ठेसनावर हायत, तेंच्यासंगं बसा. मी हसलो. सरळ रेषा काय असते हे तिला कसं समजवावं?

१८ जानेवारी, रविवार. सायंकाळी साडेपाच, होटगी सिग्नल

वाचलेल्या दोन तासांत तीन पोळ्या आणि एक झोप झाली. निघताना सासऱ्यांनी माझ्या कपाळाला विभूती लावली. चंद्रव्वाने पिशवीत कोरे कागद आणि पोळ्यांचा डबा ठेवला. ट्रक वळेपर्यंत ती दारात उभी होती.

शरणप्पा मला सोडून गेला. आता ज्वारीच्या बांधावर बसून लिहितोय. दुसरं कुणी चढणारं दिसत नाही. गर्दी नाही, म्हणजे जागा मिळणार. माझं गणित.

सहा वाजून दहा

सिग्नल पडला. म्हणजे गाडीला वाट मोकळी. मेल आली. मी पिशवी घेऊन उभा राहिलो. मेल गेली.

थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही. कोरे कागद ज्वारीत उडाले. येडू नावाचा गँगमन ते गोळा करून देत म्हणाला, सर, आनीबानीपासनं गाड्या टायमात हायत की. आता हितं कोन थांबतंय?

रेल्वे बोर्डाकडे तक्रार करणार आहे. इतक्या वर्षांची पद्धत प्रवाशांना न विचारता मोडायची, याला काय शिस्त म्हणतात?

२० जानेवारी, सोलापूर

त्या रात्री सोलापूर गाठेपर्यंत पुण्याची शेवटची गाडीही गेली होती, तीही वेळेवर. संस्थेला तार केली: रेल्वेच्या वक्तशीरपणामुळे येऊ शकलो नाही. दुसरी तारीख द्यावी. पोस्टातल्या माणसाने मजकूर दोनदा वाचला.

२६ जानेवारी

रामहरीची निवड झाली. पुस्तक परत करायला आला, पाया पडला. म्हणाला, सर, तुमच्यासाठी खिडकीपाशी टावेल टाकून ठेवला व्हता. दौंडपतूर कुणाला बसू दिलं न्हाई, एकाशी तर भांडलो. मी म्हटलं, गरज नव्हती. आवाज जरा चढाच लागला.

मुलाखतीत काय विचारलं? तर म्हणे, अटी बदलल्या, तर पूर्वीचं उत्तम उत्तर उत्तमच राहतं का? रामहरी म्हणाला, न्हाई, पुन्ना तपासायला लागतं. बस्स! इतका सोपा प्रश्न! याचं उत्तर तर मी झोपेतही दिलं असतं.

२ फेब्रुवारी

आज पस्तीस पूर्ण. संस्थेचं पत्र आलं, दुसरी तारीख देत नाहीत. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, रामहरीचे सगळे तास तुमच्याकडे. उत्तम वाटणी तुम्हालाच जमेल. मी आभार मानले.

चंद्रव्वा मुलांना घेऊन परत आली. जेवायला वाढताना तिने एवढंच विचारलं, पाचातलं एक तरी पान लिवलं व्हतं का?

मी म्हटलं, हो.

दाखवा, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी चिडलो असतो, रेल्वेला शिव्या दिल्या असत्या, टेबल डुगडुगत होतं हे पुन्हा सांगितलं असतं. तिने नुसती मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी ताट बाजूला सरकवलं. हुलगे नव्हते तरी.

रामहरीचा पहिला तास उद्या सकाळी सातला आहे.