तेल गळालं नव्हतं

मंगळवार, ४ मार्च

मागचं चाक जाम झालं. चालत्या गाडीचं. आधी इंजिनातून खडखड आली, मला वाटलं रस्ताच खराब आहे – आणि मग मी रस्त्यावर, गाडी माझ्या पायावर.

अक्षर कसलं येतंय! खांदा सुजलाय, कोपर सोललंय. हाड मोडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा.

मागे दुधाचा टेम्पो होता. त्याचं चाक माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं. टेम्पोवाला खाली उतरला आणि मी उठायच्या आत तोच रस्त्याकडेला बसला. "ताई, तुम्ही ठीक आहात ना? मग मला जरा पाणी द्या." दिलं. आईने सकाळी भरून दिलेली बाटली होती.

मुलाखत हुकली. मोठी लॅब, दुसरं शहर, तपासणी विभागाच्या प्रमुखाची जागा. आता कुठली.

आई रडायची थांबत नाही. बाबा एरवी "दोन चाकांवर माणूस म्हणजे दोरीवरचा डोंबारी" हे दिवसातून एकदा तरी ऐकवतात. आज ऐकवलं नाही.

बुधवार, ५ मार्च

मिस्त्रीने गाडी उचलून गॅरेजात नेली. दुपारी फोन आला. "ताई, इंजिनात तेलाचा थेंब नाही."

म्हणजे काय? शनिवारी याच माणसाकडे सर्व्हिसिंग झालं. जुनं तेल काढलं, नवं भरलं म्हणाला होता. मी गाडी तिथून घरी आणली. रविवारी-सोमवारी ती अंगणात उभी. सोमवारी मी रजा घेऊन मुलाखतीचा अभ्यास करत होते.

"तुम्ही भरायला विसरलात."

तो म्हणाला, "असं बोलू नका."

मी फोन आपटला.

गुरुवार, ६ मार्च

झोप लागते न लागते तोच रस्ता आडवा होतो.

शनिवार, ८ मार्च

गॅरेजात गेले. भांडायलाच गेले होते. वाटेत मनातल्या मनात सगळं पाठ केलं होतं.

मिस्त्री तोंडाचा पट्टा सोडणारा माणूस. स्वतःच्या हातगुणाच्या गोष्टी सांगायला लागला की गिऱ्हाईक गाडी विसरून जातं. आज मात्र त्याने सरळ माझ्या हातावर माझ्या इंजिनातला पिस्टन ठेवला. एका बाजूला उभे ओरखडे, नखांनी ओरबाडल्यासारखे. धातू वितळून चिकटला होता. मी रोज रक्ताच्या नळ्या हाताळते, मला कशाची शिसारी येत नाही. याची आली.

"तेल गळालं नाही," तो म्हणाला. "खालून कुठेही ओलं नाही. तेल सोडायचा खालचा बोल्ट जागेवर आहे, पण त्याचे कोपरे ताजे झिजलेत. चुकीच्या पान्याने कुणीतरी फिरवलाय. मी असा फिरवत नाही."

"तुम्ही स्वतःची बाजू घेणारच."

"घेणारच. माझी दुसरं कोण घेणार?" मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "भरलं ते तुमच्यासमोर भरलं नाही, तेवढं माझं चुकलं. नवा पिस्टन बसवतो. त्यानंतरचं पहिलं तेल लवकर बदलावं लागतं. ते तुम्हीच बदला. मी शिकवतो. म्हणजे पुन्हा माझ्या नावाने खडे फोडायला नकोत."

मी हो म्हणून बसले. विश्वास म्हणून नव्हे. यापुढे माझ्या जिवाची गोष्ट मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही, म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

बाबा जेवत नाहीत धड. "अॅसिडिटी" म्हणतात. आई खांद्याला शेक देते. शेकता शेकता डोळे पुसते. बिचारी. गाडीसाठी माझ्या बाजूने घरात भांडली होती ती एकटी. मुलाखतीच्या दिवशीही "जा, मिळवच ती नोकरी" म्हणाली. आता तिलाच अपराधी वाटत असणार.

शनिवार, १५ मार्च

पहिला धडा. मिस्त्रीच्या स्वतःच्या गाडीवर. माझी अजून उघडी पडलीय.

आधी इंजिन थोडं चालवून गरम करायचं. गार तेल दाट असतं, नीट उतरत नाही. मग गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, खाली घमेलं. इंजिनाच्या पोटाला एक मोठा बोल्ट असतो. बाहेरून दिसत नाही, वाकून, जवळजवळ झोपून बघावं लागतं. सतरा नंबरचा पाना.

मी पाना लावला आणि जोर लावला. हलेना. आणखी जोर.

"ताई, आवळताय. सोडवायचाय."

खाली झोपल्यावर माझं डावं-उजवं उलटं झालं होतं. मिस्त्री हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडले.

"तुम्ही रक्त काढता ना? मग घाबरता कशाला? शीर सापडली की पुढचं आपोआप."

बोल्ट निघाला आणि तेल धारेने आलं – काळंकुट्ट, गरम, माझ्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत. मी हात झटकला, त्यात घमेलं कलंडलं आणि अर्धं तेल मिस्त्रीच्या चपलांवर. "चला, चपलांचं सर्व्हिसिंग झालं," म्हणाला.

मग बोल्टची चकती नवी घालायची. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, मग पान्याने, बेताने. वरच्या झाकणातून नवं तेल. इंजिन जरा चालवून बंद करायचं, थांबायचं, मग झाकणाला जोडलेली मापाची पट्टी बुडवून बघायचं. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल हवं.

नवं तेल किती सुंदर असतं! अगदी मधासारखं. मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवतेय आणि तिच्या पोटात काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

गाडी मिळाली. घरी येईपर्यंत कान इंजिनाकडे. कुणी मागून हॉर्न वाजवला की मी गाडी कडेला घ्यायची.

रविवार, ३० मार्च

लिहू कसं कळत नाही. क्रमाने लिहिते.

आज पहिलं तेल बदलायचं होतं. अंगणात एकटीनेच केलं. बोल्ट पहिल्याच फटक्यात सुटला, योग्य दिशेने! तेलात चांदीसारखी बारीक चमक होती. नवा पिस्टन घासून बसतो तेव्हा असं येतं, हे मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. चकती, बोल्ट, नवं तेल, पट्टी. सगळं बरोबर. स्वतःचाच इतका अभिमान वाटला की कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

जुनं तेल कशात भरायचं म्हणून न्हाणीमागे डबा शोधायला गेले. पाण्याच्या टाकीआड एक जुना रंगाचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला. जड लागला. उघडला.

आत तेल. इंजिनाचं. मधासारखं, जेमतेम काळसर झाक आलेलं. गॅरेजपासून घरापर्यंत चाललेलं, बस, तेवढंच.

मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. मिस्त्री विसरला नव्हता. तेल माझ्याच घरात होतं. फाटकाला रात्रंदिवस कुलूप असतं. घरात आम्ही तिघंच.

डबा उचलला, स्वयंपाकघरात गेले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. आई भांडी पुसत होती. बाबा पेपर वाचत होते.

"हे कुणी केलं?"

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. बाबांनी पेपरची घडी घातली, अगदी व्यवस्थित, कोपऱ्याला कोपरा लावून.

"मी काढलं."

"तुम्ही?"

"वाटलं, गाडी सुरूच होणार नाही. मुलाखत चुकेल. तू इथेच राहशील."

"तेल नसलं तरी गाडी सुरू होते, बाबा. चालते. आणि मग मारते."

त्यांनी मान खाली घातली. आई भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. हे माझे बाबा. मला शाळेतून यायला जरा उशीर झाला की कोपऱ्यावर येऊन उभे राहणारे.

सोमवार, ३१ मार्च

मिस्त्रीची माफी मागितली. कोणी केलं ते सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. "चला, आता मला शिव्या घालणारं कोणी उरलं नाही," एवढंच म्हणाला.

बाबांशी बोलत नाही. ते खोलीत आले की मी उठते.

शुक्रवार, ४ एप्रिल

मोठ्या लॅबने पुन्हा बोलावलं! अपघाताचं कळवलं होतं, त्यांनी लक्षात ठेवलं. गेले बसने. तिथली बाई म्हणाली, "खांदा बरा झाला की लगेच रुजू व्हा." बाहेर येऊन जिन्यात बसले. हसावं की रडावं ते कळेना.

शनिवार, ५ एप्रिल

ठरवलं. आईला बरोबर नेणार. त्या माणसाबरोबर तिला इथे ठेवायचं नाही. दोन खोल्या बघितल्यात, लॅबच्या जवळच.

आई म्हणाली, "त्यांना एकटं टाकून कशी येऊ?"

"त्यांनी माझा जीव घेतला असता."

तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "येते." इतक्या हळू की मी पुन्हा विचारलं.

बाबांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. "बरं," म्हणाले. "तिला गुडघ्याचा त्रास आहे. तळमजला बघ."

मंगळवार, ८ एप्रिल

आईची बॅग भरून झाली. ती मधेच थांबते, घडी केलेला कपडा उलगडते, पुन्हा घडी करते.

बुधवार, ९ एप्रिल

उद्या निघायचं म्हणून आज संध्याकाळी तेल तपासत होते. बाबा पायरीवर येऊन बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा इतके जवळ. मी उठले नाही. काय झालं कुणास ठाऊक, एकदम विचारलं –

"कसं काढलंत तुम्ही ते?"

"काय?"

"तेल."

ते गाडीकडे बघत राहिले. मग बोटाने दाखवलं. पट्टीचं झाकण, वरचं. जिथून तेल भरतात. "हे काढलं आणि गाडी आडवी करून ओतलं."

आडवी! बाबांनी! ज्यांना भरलेली बादली दोन हातांनी उचलावी लागते. आणि मिस्त्रीने स्वतः सांगितलं होतं, तेल खालच्या बोल्टमधून निघालं, कोपरे झिजले होते.

"खाली काही असतं का?" मी विचारलं.

"खाली?" ते म्हणाले. "खाली काय असणार?"

त्यांना बोल्ट आहे हेच माहीत नाही. गाडीला कधी हातच लावलेला नाही त्यांनी.

मी पट्टी पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल किती आहे ते बघितलंच नाही. "बाबा, तुम्ही नाही केलंत."

"मीच केलं," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मी अजून अंगणातच आहे. मांडीवर वही. स्वयंपाकघरात आईची चाहूल लागतेय. आत जायचं धाडस होत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आईला काही विचारावं लागलं नाही. सकाळी ती अंगणात आली, गुडघ्यावर हात टेकवत खाली वाकली आणि इंजिनाच्या पोटाखाली न बघता बोल्टवर बोट ठेवलं. "मिस्त्री एकदा घरी आला होता ना, तेव्हा घमेलं मी धरलं होतं. तोंडाने जा म्हणत होते, पण तू जायला नको होतीस मला. वाटलं, गाडी सुरूच होणार नाही. ह्यांना अपघाताच्या दिवशीच सांगितलं. हे म्हणाले, पोरीला कुणाचा तरी राग येऊ दे, पण तुझा नको."

बॅग तिने स्वतःच आत नेऊन ठेवली. मी एकटीच निघाले. फाटक बाबांनी उघडलं. मी इंजिन बंद करून खाली उतरले आणि मुलाखतीच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले. आईच्या पडले नाही. ती दारात उभी होती. वाट बघत होती.