चौकोन अंतिम, खरंच अंतिम

प्रिय दीडशहाण्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र आपोआप वाचून मोकळं करणारं बटण अजून निघालेलं नाही, तेव्हा हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं लागेल. सवय नसल्यामुळे त्रास होईल, पण चष्मा लाव आणि वाच. तीन आठवड्यांपूर्वी बाबांच्या खोलीत, त्यांच्याजवळ दिवसभर असणाऱ्या मावशींच्या देखत, मी तुला जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घ्यायला मी बसलेली नाही. उलट घाईत जे राहून गेलं, ते आज बोलून घेते.

दारातून बाहेर पडताना तू म्हणालास, ताई, मी फक्त बटण दाबलं. वा! तुझं अख्खं आयुष्य या एका वाक्यात मावतं. शाळेत गृहपाठ मी लिहायचे, तू वर फक्त नाव घालायचास. आईच्या आजारपणात औषधांचा तक्ता मी केला, तू त्याच्या झेरॉक्स काढून नातेवाइकांत वाटल्यास आणि मुलगा किती करतो म्हणून शाबासकी घेतलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तूच, आणि वर नागोबालाच बीळ शोधायचा त्रास झाला असं सांगत फिरणारा.

बटण दाबणं म्हणजे काय, ते मला विचार. अकरा वर्षं मी भांड्यांच्या कंपनीत कॅटलॉगचे फोटो करते. झाकणं, डबे, चमचे, पुन्हा झाकणं. फोटो उघडायचा, कापायचा, आठशे बाय आठशे करायचा, नव्या नावाने एक्स्पोर्ट करायचा, बंद करायचा, पुढचा उघडायचा. असे दिवसाला तीनशे. माझं मनगट सुजलं तेव्हा आमच्या साहेबांनी, ज्यांना अजून ईमेलला फोटो जोडता येत नाही, मला मनगटाचा पट्टा भेट दिला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मग मीच शोधून काढलं की फोटोच्या सॉफ्टवेअरला आपलं काम शिकवता येतं. रेकॉर्डचं बटण दाबायचं, एका फोटोवर सगळं एकदा नीट करून दाखवायचं आणि थांबवायचं. झाली अ‍ॅक्शन तयार. अख्खं फोल्डर तिच्या हवाली केलं की ती प्रत्येक फोटोवर तेच करत सुटते, आणि आपण चहा प्यायचा. पण शिकवताना डोकं लागतं. आमच्या प्रत्येक फोटोत वस्तूच्या डाव्या अंगाला रंग तपासायची पट्टी आणि मालाच्या नंबराची चिठ्ठी असते. ती आधी उडवायची, उरलेला चौकोन ठेवायचा आणि मूळ फोटोला धक्का न लावता प्रत वेगळी काढायची. आणि चहा पिऊन आल्यावर प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घालायचा. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, अ‍ॅक्शन म्हणजे निव्वळ पाठांतर, समोर कोण आलंय हे तिला कळत नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे. आमच्याकडच्या विशीतल्या मुलींना हे समजतं. तू पन्नाशीला टेकलास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाबांची आठवण आता अशीच उतरत जाणार. घरातले चेहरे दिवसभर डोळ्यांसमोर राहू द्या, म्हणजे जरा हळू उतरेल. पुढच्याच रविवारी तू उशाशी ठेवायची फोटोफ्रेम घेऊन हजर. चौकोनी पडदा, दर वीस सेकंदांनी नवा फोटो. मी थक्क झाले होते, ते कबूल करते. माझ्या कॉम्प्युटरवरून नेलेले नऊशे बारा फोटो तू तिच्यात भरले होतेस. आल्बमातले जुने, माझ्या वेण्या असतानाचे फोटो स्कॅन करायला तुला वेळ नव्हता. तो कधी असतो म्हणा. बाकीच्या फोटोंना किती वेळ लागला विचारलं, तर छाती फुगवून म्हणालास, दहा मिनिटं, बटण दाबलं आणि जेवायला बसलो. जेवून उठल्यावर एक तरी फोटो उघडून पाहिलास का रे?

थोड्याच दिवसांत फळं दिसायला लागली. बाबा तुला ओळखायचे. तुझ्या बायकोला ओळखायचे. शिडी मागायला आलेले आणि फोटोत घुसलेले शेजारचे काका, त्यांचंसुद्धा नाव घ्यायचे. आणि मी, जिच्या घरात ते राहतात, जी त्यांची रोज दाढी करते, त्या मला एका सकाळी त्यांनी विचारलं, बाई, तुम्हाला कामाला लागून किती दिवस झाले? मी म्हटलं, चोपन्न वर्षं. ते म्हणाले, मग थोडी सुट्टी घ्या.

हे मी तुला रडत सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालास? मनाला लावून घेऊ नकोस ताई, जवळची माणसं शेवटपर्यंत लक्षात राहतात म्हणे. एवढं बोलून तू केळं सोललंस. ते वाक्य गिळून मी चार महिने वावरले. ऑफिसात झाकणांवर झाकणं बघताना डोक्यात एकच, की बाबांच्या मनात मी कधी नव्हतेच की काय. मुलगा जवळचा आणि मी आपली कामाची. फार लागलं ते, तुला सांगते.

मग त्या रविवारी दुपारी पाय दुखत होते म्हणून मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच ती फ्रेम सलग पाहिली. आपल्या घरातले फोटो कसे निघायचे, आठव. कॅमेरा माझा, ट्रायपॉड माझा, म्हणून एरवी मी कॅमेऱ्यामागेच. सगळ्यांचा एकत्र फोटो असला की तुम्ही खुर्च्यांवर सजून बसणार, मी दहा सेकंदांचा टायमर लावून धावत सुटणार आणि डाव्या टोकाला उभी राहणार, कारण तीच जागा उरलेली. बाबा मोठ्याने उलटे आकडे मोजायचे, दहा, नऊ, आठ, आणि तीनवर आले की ओरडायचे, पळ तुरतुरे, पळ! एकाही फोटोत माझे केस जागेवर नाहीत, पण मी आहे. त्या पडद्यावर मी नव्हते. एकाही फोटोत नव्हते. आईच्या साठीच्या वाढदिवसाला तिच्या खांद्यावर एक हात होता, माझं घड्याळ घातलेला, आणि मनगटामागे काहीच नव्हतं. बाबा दिवसभर, वीस वीस सेकंदांनी, माझ्याशिवायचं घर पाठ करत होते. आणि तेवढ्यात तू केळी घेऊन आलास. मग मी तोंड सोडलं, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणाले.

मूळ फोटो काढून मी ते सगळे एकेक करून हाताने बसवले. वर-खाली पांढरी पट्टी सोडली, पण कापलं काही नाही. अ‍ॅक्शनला हात लावला नाही. साहेबांचा तो पट्टा कपाटातून पुन्हा बाहेर काढावा लागला. दोन आठवडे गेले. फ्रेम पुन्हा लावली तरी पहिले तीन दिवस बाबांना काहीच फरक नव्हता. चौथ्या दिवशी मी त्यांची उशी झटकत होते, आईच्या वाढदिवसाचा फोटो आला, आणि ते त्याच्याकडे बघत पुटपुटायला लागले. दहा, नऊ, आठ. मी उशी धरून उभीच. तीनवर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पळ तुरतुरे. माझे गुडघे आता पळण्यातले नाहीत. तरी पलंगाच्या पायथ्यापासून उशापर्यंत मी पळाले. अर्ध्या तासाने मी पुन्हा बाई झाले, पण तो अर्धा तास मला पुरला.

इथवर परवा लिहिलं होतं. तुझा पुरता निकाल लावायचा, म्हणून फक्त पुरावा हवा होता, की ते बटण तू कुठल्या भिकार वेबसाइटवरून उचललंस. फोटो न्यायला घेतलेला माझा पेनड्राइव्ह तू परत दिला होतास, त्यावर ती अ‍ॅक्शन होतीच. काल ऑफिसात उघडली. नाव होतं, ‘चौकोन अंतिम, खरंच अंतिम’. असं नाव ठेवणारी बाई या जगात एकच आहे. पहिली पायरी, डावीकडचा भाग काप. सहा वर्षांपूर्वी तुझ्या दुकानाच्या मालाचे फोटो लहान करून दे म्हणून तू दर आठवड्याला माझ्या मागे लागायचास, तेव्हा वैतागून मीच ती तुझ्या अंगावर फेकली होती. काय बोलले होते तेही आठवलं. घे, यात डोकं लागत नाही, तुलाही जमेल. पट्टीचं सांगायची तसदी मी घेतली नव्हती. तू ती सहा वर्षं जपून ठेवलीस. आणि मी तुझ्या नावाने खडे फोडत होते, तेव्हा ती कुणाची हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी मावशींसमोर, बाबांसमोर, तू एवढंच म्हणालास, की मी फक्त बटण दाबलं. त्यातलं ‘फक्त’ मला काल कळलं.

वरचं सगळं फाडून टाकणार होते. नाही फाडलं. तुझी ताई काय चीज आहे, ते तुझ्याजवळ लेखी राहू दे. फोटो न बघता फ्रेम भरणाऱ्या माणसाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. फक्त मीही चार महिने तिच्यावरची धूळ पुसली आणि आत पाहिलं नाही, तेव्हा ते मत आपण अर्धं अर्धं वाटून घेऊ. चुकले मी. हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून पत्र. रविवार आला की बाबा तुझं नाव घेऊन विचारतात, तो का येत नाही? तीन रविवार मी त्यांना तू परगावी आहेस असं सांगते आहे, आणि चौथ्यांदा खोटं बोलायची माझी तयारी नाही. या रविवारी ये. नवा फोटो काढू. ट्रायपॉड मी लावून देईन, पण बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसणार. बटण तू दाबायचं, आणि पळायचंही तूच.

तुझीच,
दीडशहाणी ताई