पस्तिशीचा नियम

॥ श्री ॥
गोरेगाव (जि. हिंगोली), १५ डिसेंबर २०२४

ती. सौ. जान्हवीताईस,
शि. सा. न. वि. वि.

खिशात फोन असताना पत्र काहून, म्हणशील. अगं, तुझ्याकडे फोन केला की स्पीकर लागतो, आणि तुझ्या सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत साऱ्याजणी माझं लग्न जमलं का ते विचारतात. त्यापेक्षा हे बरं. वाच आणि उशाखाली ठेव.

बातमी अशी, की दोन जानेवारीला मला पस्तीस पूर्ण होतात. आमचं युवक मंडळ काढलं तेव्हा गावात पन्नाशीचे 'युवा नेते' केसांना कलप लावून फ्लेक्सवर झळकत होते. त्यांना आत शिरू द्यायचं नाही म्हणून मी नियम केला, की पस्तिशी झाली की मंडळाबाहेर. अभ्यासिकेच्या भिंतीवर ऑइल पेंटनं मीच तो रंगवला. तेव्हा मी बावीसचा होतो. पस्तीस म्हणजे म्हातारपणच वाटायचं.

आता तो माझ्याच गळ्यात आला आहे. बारा जानेवारीला, युवक दिनी, नवा अध्यक्ष. पहाटे पोरं पळवायची, दुपारी दहावीच्या शिकवण्या, संध्याकाळी अभ्यासिका, यापलीकडे मला काही येत नाही. त्यातून तांड्यावरच्या भीमसिंगांची मिना यंदा पोलीस भरतीला उतरून राहिली. आठशे मीटर अशी पळते की बघत राहावं. तिची भरती होईपर्यंत तरी मला त्या मैदानावर राहायचंय, ताई. बाकी काही नको.

भाऊजींना नमस्कार, अपर्णाला गोड पापा. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
शौनक


नांदेड, २३ डिसेंबर २०२४

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र उशाखाली ठेवलं होतं, तरी सासूबाईंनी वाचलंच. मुलाचं अक्षर वळणदार आहे, बघू या कुठे, असं म्हणाल्या. घे आता.

अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. बैठकीत सरळ सांग, की भरतीपर्यंत मला राहू द्या. नियम तुझा, चार महिने पुढे ढकल. आभाळ कोसळत नाही. पण मी तुला ओळखते. लहानपणी ताटातली पोळी संपली तरी मागायचा नाहीस. कुणी विचारतंय का म्हणून वाट बघत बसायचास, आणि अर्धपोटी उठून माझ्यावर चिडायचास. या वेळी तोंड उघड, बाबा.

खोकला कसा आहे? पहाटे कान बांधून जात जा. अपर्णा मामाची वाट बघते. ताईचा राग मानू नकोस, लोभ मात्र मान.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गोरेगाव, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ घे. गोड बोलायचं मात्र आज मला जमत नाही.

परवा बैठक झाली. मिना उठली आणि म्हणाली, सरांना भरतीपर्यंत राहू द्या. एरवी वाऱ्याला मागं टाकणारी पोरगी, पण चार लोकांत तिचा आवाज कापत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, "नियम सगळ्यांना बराबर."

ताई, मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, न्हाई सर, तुमी ऱ्हावा. मिनाच्या भावाकडे, सुदामकडे, मी किती आशेनं बघितलं. त्यानं मान खाली घातली. सर एकदा बोलले की उलट बोलायचं नाही, हे इतकी वर्षं मीच पढवलं ना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुदाम अध्यक्ष झाला. तांड्यावरचा पहिलाच, आणि लायक आहे तो.

मग माझा सत्कार. शाल, नारळ, फेटा. फ्लेक्सवर नावापुढे 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. फेटा बांधताना भीमसिंगांचे डोळे भरून आले. मिनाच्या आईनं, जिवनबाईंनी, माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. सगळ्यांनी इतकी माया केली की रागवायलाही जागा उरली नाही. मी हसून फोटो काढून घेतले आणि घरी येऊन फेट्यासकट बसून राहिलो. फार वाईट वाटून राहिलं गं. तुझं ऐकायला हवं होतं.

तूच काय ती समजून घे.

शौनक


नांदेड, २७ जानेवारी २०२५

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाक तसाच टाकून रडले. मग तुझा असा राग आला की तुला न विचारता सुदामला फोन लावला. पोरगं हुंदके देत होतं. म्हणालं, आम्हाला वाटलं सरांनाच आता मोकळं व्हायचंय, लग्नाचं बघायचंय. आमच्यापायी अजून किती दिवस त्यांना अडकवायचं, म्हणून मान वर केली नाही.

दोघेही शहाणे आणि दोघेही मुके. काय म्हणावं तुम्हाला?

अजून वेळ गेलेली नाही, जा परत. आणि नाहीच जमलं तर इकडे ये. ह्यांच्या मित्राच्या औषध दुकानात माणूस हवाय. बसून काम आहे. उत्तर लवकर लिही, जीव लागून राहिलाय.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गोरेगाव, १६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर.

तुझ्या फोननंतर दोन दिवसांनी सुदाम दारात आला. पाय धरले आणि म्हणाला, "सर, परत या. मी बाजूला व्हतो." ज्या एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मला हो म्हणता आलं नाही.

त्याच पहाटे मी सवयीनं मैदानाच्या कडेला, बाभळीखाली उभा होतो. सुदाम शिट्टी मारायचा आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. शेवटच्या वळणावर मिनानं मान वळवून मला शोधलं. पाय अडखळला, आणि मागची पोरगी पुढे गेली. भरतीच्या मैदानावर मी नसणार. तिथं ती कुणाला शोधील? हे मला कधी दिसलं नाही, कारण तिनं बघितलं की मला बरं वाटायचं.

सुदामला उठवलं आणि सांगितलं, शिट्टी तूच मार. तो गेल्यावर दार लावून घेतलं. पुढचं तुला सांगवत नाही.

दुकानवाल्यांना कळव, मी येतो. या गावात राहून त्या मैदानावर न जाणं मला जमणार नाही. शिकवण्या वाटून दिल्या, खोलीची किल्ली भीमसिंगांकडे ठेवली.

उद्या पहिल्या एसटीनं निघतो. पोरं वाजतगाजत स्टँडवर यायचं म्हणत होती, मी नको म्हटलं. उद्या सोमवार, हिंगोली रस्त्यानं लांब पल्ल्याची धाव असते, ती चुकवायची नाही. एसटीही त्याच रस्त्यानं जाते. वाटेत गाठ पडेल म्हणून खिडकीची जागा धरणार आहे. पोरं मात्र बघणार नाहीत. पळताना गाडीकडे बघायचं नाही, मान सरळ ठेवायची, हे मीच शिकवलंय.

तुझा,
शौनक