कौसाचं हाड आणि माझं

आश्विन वद्य दशमी, शके १७८६

आली! कौसा आली अकोल्याहून! रस्ताभर कापसाच्या गाड्या, म्हणून बैलांची दमणी रखडली. उतरताना आधी उजवा पाय, मग डावा ओढून — तीच लहानपणची चाल. सातवा महिना सरत आलाय. दारातच म्हणते, "आई, मले भूक लागली." हे मले-तुले सासरचं देणं! हसले. मग न्हाणीत जाऊन थोडी रडले. आनंदानंच.

द्वादशी

आनंदानंच नव्हतं. तिच्या सासूबाईंचा निरोप आहे — तिकडचे वैद्य म्हणतात, लहानपणच्या पडण्यानं हिच्या कमरेचं हाड जाम झालंय. वाट उघडणार नाही. निजवून ठेवा. पोर महिनाभर निजूनच आहे!

नवव्या वर्षी कापसाच्या भरल्या गाडीवर चढून बसली होती. बैल उधळला नि ही बसल्या बसल्या दगडावर. त्या दिवसापासून पाय ओढते.

"आई, बाळ अडकलं तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, वेडी कुठली. पण रात्री निजले तिच्याच शेजारी.

नरकचतुर्दशी

बाबा वैद्य होते. मला पुढ्यात बसवून हाडं शिकवायचे — मुलगी म्हणून वगळलं नाही. कण्याच्या तळाशी तिकोनी हाड, त्रिक. त्याच्या दोन्ही अंगांना कमरेची दोन मोठी हाडं, पुढे येऊन मिळतात. झालं कडं. त्या कड्यातूनच आपण सगळे जगात येतो. पण ते कडं हलतं का? बाबांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

चुलीसाठी काळी माती मळली होती. फराळ सोडून तिचं कडं करत बसले! दोन पंखे, मध्ये पाचर.

शाळेला सुट्टी, हे बाहेरून आले. "लक्ष्मीऐवजी यंदा फुटकं मडकं पुजायचं काय?"

"मडकं नव्हे. तुम्ही यातूनच आलात."

ह्यांनी घाईनं पागोटं उतरवलं नि आत गेले. कौसा पोट धरधरून हसली — किती दिवसांनी!

कार्तिक शुद्ध तृतीया

कडं वाळलं नि तडकलं. बरोबर त्रिकाच्या दोन्ही बाजूंना! पुन्हा केलं. या वेळी मध्ये फट ठेवली, पाचर सुतानं बांधली. आता वरचं टोक पुढे ढकललं की खालचं मागे सरकतं — नि खालची वाट रुंद होते! मातीत होतं. माणसात?

षष्ठी

माणसातही होतं!

कमरेमागे दोन खळ्या असतात ना, तिथे अंगठे ठेवले. कौसाला उभं केलं, मग खांबाला धरून उकिडवं बसवलं. उजवीकडे हाड अंगठ्याखालून सरकलं. डावीकडे — थोडंसंच. पण सरकलं.

थोडंसं म्हणजे पुरेसं का? मापाला काय धरायचं? मग माझ्याच खळ्यांवर अंगठे टेकून बसले. माझं केवढं सरकतं! दोन्हीकडे! कुलूप उघडावं तसं. म्हणजे बाईचं हाड असं सरकायलाच हवं. कौसाचं डावं माझ्याइतकं झालं की जिंकलो.

उद्यापासून निजणं बंद. काही विपरीत झालं तर बोल माझ्यावर येईल. येऊ दे.

कार्तिक वद्य पंचमी

रोज थोडं जात्यावर, थोडं चालणं, हातापायांवर रांगून पोतेरं घालणं. पार्वताबाई सुईण येऊन बघून गेली. "वयनीबाई, त्या वैद्यानं कधी बायंतपन केलं काय? पाठीवर निजवलं तं हाड दबूनच राह्यते. पोरगी हालली पायजे." मातीच्या कड्याकडे बघून, "अन् हे काय, कांडायचं उखय हाय का?"

माझीही कंबर ठणकते हल्ली. चालते तर बदकासारखी. श्रावणापासून बाजूला बसणंही सुटलंय. वयच झालं. चाळिशी उलटून तीन वर्षं झाली! वाईट नाही वाटत. एक कटकट गेली.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

डावं आणखी सरकतं! पण माझ्याइतकं नाही. माझं तर रोज जास्तच मोकळं. कौसा चिडली — "तुझी बरोबरी मले कधीच जमणार नाही का?"

मार्गशीर्ष वद्य एकादशी

पहाटेपासून कळा. दुपार झाली तरी डोकं खाली येईना. कौसा गळून आडवी झाली, "निजू दे गं." माझंही मन कच्चं झालं. वैद्य खरे असतील तर? मग ते कडं आठवलं. उठवली. आढ्याला दोर बांधलेलाच होता. तो तिच्या हातात दिला, उकिडवी केली, मागून मी धरली. माझा अंगठा डाव्या खळीवर.

पार्वताबाई ओरडते, "जोर लाव माय! कपाशीचं बोंडही फुटल्याबिगर कापूस देत नाही!"

आणि सरकलं. डावं. अंगठ्याखाली, स्पष्ट. इतकं कधीच सरकलं नव्हतं.

मुलगी! काळंभोर जावळ, ठणठणीत आवाज. कौसा घामानं निथळत हसतेय. बाहेर ह्यांनी पागोटं उलटं घातलंय, कोणी सांगतच नाही.

द्वादशी

अकोल्याला माणूस धाडला. तिच्या सासूबाईंना निरोप — वाट उघडली.

पौष शुद्ध अष्टमी

बारसं झालं. कंबर फारच धरली म्हणून पार्वताबाईला तेल लावायला सांगितलं. तिचा अंगठा खळीवर थांबला. मग गदगदून हसायला लागली.

"वयनीबाई, लेकीचं हाड पोटातल्या लेकरापायी मोकळं झालं ते तं समजलं. तुमचं कावून झालं?"

तिनं माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवला.

आत काही हललं. वायू नव्हे. पुन्हा हललं.

देवा! मी मापाला कोणाचं हाड धरलं होतं! — हे शाळेतून येतीलच आता. पाळणा उतरवू नका म्हणून सांगते.