राखाडी गाडीवरची फुली

नेहरूनगर, भिलाई
रविवार, सायंकाळ

प्रिय मिताली,

हे पाकीट उघडताना तळाशी हात घालून पाहावेस. कागदाखेरीज आणखी एक वस्तू आत आहे. तिच्याविषयी शेवटी लिहितो. आपण दर बुधवारी फोनवर बोलतो, आणि गेला महिनाभर दर बुधवारी मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. तुझी आई गेल्यानंतर तू हे घर परस्पर विकून मला पुण्याला नेण्याचे ठरवले आहेस, अशी माझी खात्री झाली होती. ती कशी झाली, ते तुला क्रमानेच सांगितले पाहिजे.

प्रथम तू विजेच्या बिलाची प्रत मागितलीस आणि कारण विचारले तेव्हा विषय बदललास. त्याच आठवड्यातल्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, आपल्या फाटकासमोर एक राखाडी गाडी येऊन थांबली. आपल्या गल्लीत नवी गाडी आली की ती सर्वांना कळते. बॉनेटवर झेंडूची माळ असते, पुढे लिंबू-मिरची लोंबते, मागच्या काचेवर मुलांची नावे येतात आणि आसनांवरचे प्लास्टिक वर्षभर निघत नाही. या गाडीवर यातले काहीही नव्हते. चकाकती पट्टी नाही, मोठी अक्षरे नाहीत. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली एकच बारीक रेघ. दार लागले तेव्हा जाड ग्रंथ मिटावा तेवढाच आवाज झाला. आतून तिशीचा एक नीटनेटका मनुष्य उतरला. त्याने खिशातून टेप काढून आपल्या फाटकाची रुंदी मोजली, मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि तो निघून गेला. आता तूच सांग, मी काय समजावे?

पोलाद कारखान्यात प्लेट मिलच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जिच्यावर खवला किंवा भेग उघड दिसते, ती प्लेट प्रामाणिक असते. भय असते ते वाजवीपेक्षा स्वच्छ प्लेटचे, कारण तिथे कुणीतरी दोष घासून झाकलेला असतो. पुढच्या रविवारी तो मनुष्य कोपऱ्यावर चहा प्यायला गेला असता मी गाडी तपासली. दाराच्या कडेच्या फटीतून नख फिरवले. फट वरपासून खालपर्यंत सारखी. उघड्या काचेतून डोकावलो, तर आत साध्या कापडाची आसने, कसलाही सुगंध नाही, आरशाला काही टांगलेले नाही. बोट ठेवायला जागा सापडेना, आणि माझा संशय त्यामुळेच वाढला. इतके मोल देऊन वस्तू घ्यायची आणि ते मोल दिसू नये याचीही दक्षता घ्यायची, असा मनुष्य सरळ असेल, हे मला पटेना.

तेवढ्यात शेजारचे हिरालालजी सुपेल्याच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आले. म्हणाले, “काय साहेब, गाडी पाहून राहिले का सून पाहून राहिले?” मी त्यांना टेपची हकीकत सांगितली. त्यावर ते हसले. “मोजू द्या ना! फाटक मोजल्यानं घर थोडीच उचलून नेते कोनी? वहिनी गेल्यापासून तुमाले सारेच चोर दिसून राहिले.” मला ते बोलणे अपमानाचे वाटले. मी आत आलो.

त्या दुपारी एक जुनी गोष्ट आठवली. रायपूरला माझ्या भाच्याच्या, समीरच्या लग्नात मंडपाबाहेर गाड्यांची रांग होती. तुझ्या आईने विचारले, यांतली उत्तम कोणती? मी सर्वांत मोठी आणि चकचकीत गाडी दाखवली. तिने कडेला उभ्या असलेल्या एका मळकट वाटणाऱ्या गाडीकडे बोट केले आणि म्हणाली, “ही बघा. आपण आलोय हे हिला ओरडून सांगावं लागत नाही.” परतताना भाड्याच्या गाडीतल्या अत्तराने आणि तापलेल्या प्लास्टिकने तिला मळमळत होते. ती म्हणाली, तशी एक आपणही घेऊ या. मी म्हणालो, या वयात दिखावा कुणासाठी करायचा? शिवाय आपल्या फाटकातून गाडी आत जाणार नाही. विषय संपला, असे मी समजलो.

तिसऱ्या रविवारी गाडी पुन्हा आली. माझ्या सदऱ्याच्या खिशात अजूनही खडू असतो. तो मनुष्य फोनवर बोलत पाठमोरा उभा होता. मी वाकून मागच्या चाकावर फुली मारली. आमच्या विभागात पास झालेल्या प्लेटवर गोल आणि नापास झालेलीवर फुली असे. दोष न सापडता नापास केलेला माल माझ्या साऱ्या नोकरीत हा एकच.

आज सकाळी त्याने घंटा वाजवली. “काका, टायरवर फुली तुम्ही मारली का?” मी हो म्हटले, आणि माझे घर मोजायला तुला कुणी पाठवले, असे दरडावून विचारले. तो तुझ्या कॉलेजातला पराग, आता गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला आहे, हे मला तेव्हा कळले. त्याने गाडीचा कप्पा उघडून एक घडी माझ्या हातात ठेवली. तू पहिल्या पगारातून आईसाठी आणलेल्या राखाडी साडीचा तो ब्लाउजपीस होता, बोटभर तांबड्या काठाचा. तिने तो कधीच शिवला नव्हता. पराग म्हणाला, “काकू दोनदा आल्या होत्या शोरूमला. म्हणाल्या, रंग याच्याहून जरासुद्धा चमकता नको. आणि आमच्या ह्यांना सांगायच्या आधी फाटक मोजा. गाडी जात नाही, असं म्हणायला त्यांना जागाच ठेवायची नाही.” ती बुकिंग करून गेली आणि पुढचे तू पूर्ण केलेस. तेराव्याच्या दिवशी, या घरात आता एकही नवी वस्तू आणू नकोस, असे मी तुला बजावले होते; म्हणून तू गप्प राहिलीस, आणि तुझा होकार नसल्याने पराग दर रविवारी ही गाडी आणून तशीच परत नेत राहिला. विजेचे बिलही गाडीच्या कागदांसाठीच हवे होते. मला आधी सांगण्याचे धैर्य तुम्हा दोघींपैकी एकीलाही झाले नाही, याचा विचार मी दिवसभर करतो आहे.

गाडी आता अंगणात उभी आहे. दोन्ही बाजूंना चार-चार बोटे उरली. फुली मी ओल्या फडक्याने पुसली. रबराच्या खाचांत थोडी राहिली आहे. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ती तू येईपर्यंत अशीच उभी राहील. हे सारे फोनवरही सांगता आले असते. पत्र लिहिले ते पाकिटातल्या किल्लीसाठी. ती आपल्या पुढच्या दाराची आहे. तुझ्याजवळची किल्ली आता त्या दाराला लागणार नाही. तिसऱ्या रविवारनंतर मी कुलूप बदलले, ते चोरांसाठी नव्हे. तुला आत येता येऊ नये, म्हणून. ही किल्ली घेऊन ये. घंटा वाजवू नकोस.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा