दुकानातला माग

२२ नोव्हें. ९३
आज बसायला नवी गादी मिळाली. शेठचं म्हणणं, रस्त्यावरच्या माणसाला काचेतून विणकर नीट दिसला पाहिजे. येवल्याला मागावर बसलो की घरचेसुद्धा हाक मारायला बिचकायचे. इथे येणारे-जाणारे काचेवर टकटक करतात. गिऱ्हाईक आलं की धोटा फेकायचा, गेलं की थांबायचं. मागावरची साडी संपली तर नवा ताणा भरावा लागेल ना. विकायच्या पैठण्या सगळ्या मशीनच्या. माझी एकही नाही. शोभाला वाटतं, माझ्याच विकल्या जातात. वाटू दिलंय.

२६ नोव्हें.
चुकलोच. सेल्समन जेवायला गेलेला, गिऱ्हाईक आलं, मीच उठून पैठणी दाखवली. आमच्यात आधी उलटी बाजू दाखवतात. हातमागाचा पदर मागूनही पुढच्यासारखाच साफ, तीच विणकराची शान. हात सवयीने गेला. मशीनच्या पदरामागे कापलेल्या धाग्यांचं नुसतं जंजाळ. बाई पदर बाजूला सारून उठल्या. शेठ सगळ्यांदेखत म्हणाला, "तेरा काम बैठने का है. साडी को हाथ मत लगा."
साळी माणसाला सांगतो हे.

२७ नोव्हें.
शोभाला म्हटलं, नोकरी सोडतो. शेठशी वाजलं एवढंच सांगितलं. ती म्हणाली, आणि राहायचं कुठे? खोली शेठची. रेखाची दहावी मार्चमध्ये. येवल्याचा माग मोडून विकला तेव्हा शोभा रडली होती, मी नाही. आता मला रडू येतं, तेही दुकानात.

२ डिसें.
समोरच्या खोलीतल्या सावंतवहिनी दुकानात आल्या. मुलीच्या लग्नाची साडी. स्टेशनजवळची चार दुकानं सोडून माझ्यासाठी इथे. शेठने मोरपंखी काढली, ही यानेच विणली म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.
"भावोजी, तुमच्या हातची ना? मग मी दुसरी बघतच नाही."
शेठ पण बघतोय.
हो म्हणालो.

३ डिसें.
शेठने पेढे दिले. घरी नेले नाहीत. दोनदा धागा तुटला, सांधावासा वाटेना. वहिनी जिन्यात भेटल्या, मी चपलांकडे बघत राहिलो. सांगावं तर खोली जाणार. न सांगावं तर

५ डिसें.
वहिनी आमंत्रण घेऊन आल्या. पुढच्या रविवारी लग्न. नवरीला साडी नेसवायला शोभाच पाहिजे म्हणाल्या, विणणाऱ्याच्या घरची बाई. शोभा कधी नव्हे ती एवढी खूश. बारा वर्षं माझ्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरल्यात तिने. पदर हातात घेतला की कळणार तिला, बघायचीही गरज नाही.
उद्या सकाळी साडी बघायला बोलावलंय. आत्ता आत भाकऱ्या करतेय, गुणगुणतेय. सांगायला म्हणून दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.