तेल आणि सोळा सोमवार

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

जुलैत चारच! मे महिन्यात अकरा फिट्स आल्या होत्या. जुन्या तिन्ही गोळ्या चालूच आहेत, वर जूनपासून हे तेल — सकाळ-संध्याकाळ, बिनसुईच्या सिरिंजने तोंडात. भांगेच्या झाडाचं, पण नशेचा भाग काढलेलं. आईचं तोंड अजून वाकडंच. "पोरीला भांग देतात!" पोरगी छत्तीस वर्षांची आहे. आणि महादेवाला चालते ना भांग? मला तर नशासुद्धा मिळत नाही!

४ ऑगस्ट

आईने जाहीर केलं — गुण येतोय तो महादेवामुळे. तेव्हा सोळा सोमवार धरायचे. मी! सूर्य मावळेपर्यंत पोटात काही नाही. औषध तेवढं चालेल, पाण्याबरोबर. मी साफ नाही म्हटलं. मग तिने हुकमी पान टाकलं — "सोळा पूर्ण कर, मग खुशाल ऑफिसला एकटी जा. मी अडवणार नाही."

चौदा वर्षं ती मला इथे दिल्लीत सरोजिनी नगरहून ऑफिसला पोचवते, आधी बसने, आता मेट्रोने, संध्याकाळी न्यायला येते. सेक्शनमध्ये विचारतात, "आंटी आज नहीं आईं?" एकटीने जायला मिळणार असेल तर सोळा काय, साठ करीन.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुपारी ऑफिसात पडले. ओठ फाटला.

१९ ऑगस्ट, सोमवार

परत. आई म्हणते, मन लावून करत नाहीस.

२२ ऑगस्ट

डॉक्टरांनी फिट्सच्या तारखा पाहिल्या. "सोमवार को क्या अलग करती हैं आप?" सांगितलं. त्यांनी पेनच खाली ठेवलं. "खाली पेट? पहले दिन बोला था, खाने के साथ लेना है, घी-मक्खन वाला. नहीं तो शरीर में ठीक से लगता नहीं." कारण तेच, असं खात्रीने सांगता येणार नाही म्हणाले. मला मात्र पटलं. बरं व्हावं म्हणून उपाशी राहत होते, आणि औषधच वाया घालवत होते! आईला सांगितलं. "डॉक्टरांना काय कळतं देवाचं!"

२६ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पराठा खाल्ला. तुपाने थबथबलेला, आईच्या समोर बसून. वर तेल. ती म्हणाली, "मोडलंस." हो, मोडलं! पुढचेही मोडणार. डोकं माझं, पोट माझं. आणि एकटी जायचं तर तुझ्या परवानगीने नाही, माझ्या हिमतीवर जाईन!

फार बोलले. फिट नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

आजही फिट नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

आली. पोट भरलेलं, तेल वेळेवर, तरी आली. शुद्धीवर आले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं. आता ऐकवणार, म्हणून डोळे मिटूनच पडून राहिले. ती फोनवर डॉक्टरांना दरडावत होती — "तेल का डोस बढ़ाना है क्या, बताइए! सोमवार को भी मैं खुद खिलाऊँगी!"